तिबेटी गिधाडांवर मराठीत लेख लिहायचा असेल तर

तिबेटमधील गिधाडांवरचे बहुतेक मराठी लेख पहिल्याच ओळीत ‘आकाशदफन’, म्हणजे प्रेत गिधाडांना खाऊ घालण्याचा विधी, हा शब्द वापरतात आणि दुसऱ्या ओळीत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीला, म्हणजे पारशांच्या दखम्यांच्या जागेला, येऊन पोहोचतात. मुंबईत राहून लिहिणाऱ्याला ही वाट सोयीची वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या वाटेने गेल्यास लेख प्रेतांचा होतो आणि गिधाड बाजूला पडते. म्हणून आरंभ पक्ष्यापासून करावा, मग शब्दाकडे वळावे आणि विधी व वैद्यक हे दोन्ही विषय त्यानंतरच हाती घ्यावेत.

पक्ष्याची जात आधी निश्चित करावी. तिबेटच्या पठारावर मुख्यतः हिमालयीन ग्रिफन, दाढीवाले गिधाड आणि काळे गिधाड आढळतात, तर कोकणात दिसतात ती पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडे. म्हसळ्याकडे टिपलेले छायाचित्र तिबेटवरील लेखाला लावणे ही चूक किरकोळ नाही, कारण पुढचा बराच युक्तिवाद जातीवर उभा राहतो. हिमालयीन ग्रिफनचे वजन साधारण 8 ते 12 किलो आणि पंखांचा विस्तार तीन मीटरच्या आसपास असतो. तो मऊ मांस खातो. दाढीवाल्या गिधाडाचे मुख्य अन्न मात्र हाडे असून, मोठे हाड उंचावरून खडकावर टाकून फोडण्याची त्याची सवय प्रसिद्ध आहे. छायाचित्रातील पक्ष्याविषयी शंका असेल, तर फोर्टमधील हॉर्नबिल हाउस गाठावे. 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते कार्यालय आहे.

आता शब्द. देवनागरी वाचणाऱ्याला तिबेटी कोश उघडताना एक मोठी सवलत मिळते, ती म्हणजे तिबेटी वर्णमाला आपल्यासारखीच क, ख, ग या क्रमाने चालते, कारण ती लिपी भारतीय लिपीवरूनच घडली. गिधाडाचा सर्वसाधारण शब्द अक्षरशः ‘ब्य-र्गोद’ असा लिहितात, पण ल्हासाच्या बोलीत त्याचा उच्चार ‘च्यागो’च्या जवळ जातो: ‘ब’ला ‘य’ जोडला की ‘च’सारखा ध्वनी येतो, वरचा ‘र’ बोलला जात नाही आणि शेवटचा ‘द’ स्वतः मुका राहून आधीच्या ‘ओ’ला ‘ए’कडे झुकवतो. शरच्चंद्र दास यांच्या 1902 सालच्या कोशात हा शब्द शोधताना मूळ अक्षर पाहावे, म्हणजे ‘ब्य’ हा ‘ब’खाली आणि ‘र्गोद’ हा ‘र’खाली नव्हे तर ‘ग’खाली सापडतो. नवशिके येथेच तासभर अडकतात. लेखात अक्षरशः लेखन आणि उच्चार यांपैकी एकच पद्धत निवडून ती शेवटपर्यंत पाळावी. मी खाली रूढ नावे सोडून बाकी शब्दांना अक्षरशः लेखन ठेवले आहे.

‘ब्य’ म्हणजे पक्षी आणि ‘र्गोद’ म्हणजे रानटी, न माणसाळलेला. हा दुसरा अर्थ ध्यानात न ठेवल्यास भाषांतरात फजिती होते. ‘र्गोद-मा’ ही गिधाडाची मादी नसून घोडी आहे. आणि ध्यानविषयक ग्रंथांत ‘र्गोद-पा’ आला, की तेथे पक्ष्याचा संबंध नसून चित्ताची चंचलता, म्हणजे संस्कृतातील औद्धत्य, अभिप्रेत असते. यंत्राकडून करवून घेतलेल्या भाषांतरात साधकाच्या मनात अचानक गिधाड उतरले असेल, तर कारण हेच समजावे. उलट ‘ब्य-र्गोद फुंग-पोई री’ असे आले तर ते राजगीरजवळचे आपले गृध्रकूट आहे, प्रज्ञापारमिताहृदय या बौद्ध सूत्राचे विस्तृत रूप जेथे घडते तो डोंगर, आणि तेथे मराठीत ‘गृध्रकूट’ असेच लिहावे. व्यक्तिनामातही हा पक्षी येतो: तिबेटी बौद्ध गुरू रिगझिन गोदेम (1337–1408) यांच्या डोक्यावर गिधाडाच्या पिसांसारखी वाढ झाली आणि त्यावरून त्यांना ते नाव पडले, असे परंपरा सांगते.

विधीविषयी लिहिताना ‘आकाशदफन’ हा शब्द टाळलेला बरा. तिबेटी शब्द आहे ‘ब्य-ग्तोर’, म्हणजे पक्ष्यांसाठी विखुरणे, आणि त्यातला ‘ग्तोर’ हा पूजेतील ‘तोरमा’ या नैवेद्यातलाच आहे. प्राण निघून गेलेला देह भुकेल्या जीवांना दान करणे हा त्यामागचा भाव आहे. गोठलेली जमीन आणि लाकडाची टंचाई ही कारणेही खरी आहेत, पण तेवढ्यावरच थांबणारा लेख अपुरा राहतो. ड्रिगुंग थिल मठाजवळची विधीची जागा विशेष पवित्र मानली जाते. पारशी दखम्याशी तुलना करायचीच असेल, तर फरकापासून सुरुवात करावी: दखम्यात अग्नी, पाणी आणि भूमी प्रेताच्या स्पर्शाने अपवित्र होऊ नयेत म्हणून देह उघड्यावर ठेवतात, तर तिबेटात देहाचे तुकडे करून आणि हाडे कुटून त्यांत सत्तूचे पीठ, म्हणजे त्साम्पा, मिसळून तो पक्ष्यांना मुद्दाम वाढला जातो. एकीकडे पावित्र्यरक्षण, दुसरीकडे दान. मुंबईतून गिधाडे नाहीशी होण्यामागे जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक होते आणि पशुवैद्यकात त्यावर 2006 साली बंदी आली, हे एका वाक्यात सांगून पुढे जावे. विधीची छायाचित्रे छापू नयेत. शोकातल्या कुटुंबाची परवानगी कोणी घेतलेली नसते.

वैद्यकाचा भाग सर्वांत सावधपणे लिहावा लागतो. सोवा रिग्पाचा, म्हणजे तिबेटी वैद्यकाचा, मूळ ग्रंथ ‘ग्यूशी’ 156 अध्यायांचा आहे, आणि त्यावर वाग्भटांच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथाची छाप आहे, त्यामुळे मराठी वाचकाला त्यातला ‘मे-द्रोद’ समजावण्यासाठी ‘जठराग्नी’ हा एक शब्द पुरतो. गिधाडाचे जठर आणि विष्ठा ही जुन्या द्रव्यसूचींत मंदावलेला जठराग्नी वाढवण्यासाठी सांगितली आहेत, आणि त्यामागचा तर्क उघड आहे: जो पक्षी कुजलेले मांस आणि हाडे पचवतो, त्याच्या पोटातली ती शक्ती रोग्याला मिळावी. दाढीवाल्या गिधाडाच्या जठरातील आम्ल खरोखरच अतितीव्र असते. परंतु त्यावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही, आणि ही दोन विधाने एकाच वाक्यात जोडण्याचा मोह आवरावा. मात्रा, कृती आणि अनुपान लेखात मुळीच देऊ नये. गिधाडांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चे संरक्षण असल्यामुळे त्यांचे अवयव बाळगणे अथवा विकणे हा गुन्हा आहे, हेही त्याच परिच्छेदात नोंदवावे.

सोवा रिग्पाला भारतात 2010 साली कायद्याने मान्यता मिळाली असून, धर्मशाळेच्या मेन-त्सी-खांगसारख्या संस्था तिचे शिक्षण देतात. एखाद्या आमचींशी, म्हणजे तिबेटी वैद्यांशी, बोलण्याची संधी मिळाली, तर ‘तुम्ही गिधाड वापरता का’ असे विचारून त्यांना अवघडून टाकू नये. मंद जठराग्नीवर आज काय देता, एवढेच विचारावे. या तक्रारीवरच्या ‘सेडू’ नावाच्या प्रसिद्ध औषधपाठात डाळिंबाचे दाणे, दालचिनी, वेलची आणि पिंपळी येतात, आणि ही नावे मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत.