रिटायर झालात ना, मग छोट्या म्युझियमच्या नोंदी करायला या

पुण्यात केळकर म्युझियम सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण एखाद्या संस्थेच्या दोन खोल्यांतलं छोटं संग्रहालय, जिथे एकच माणूस तिकीटही फाडतो आणि कुलूपही लावतो, तिथे कपाटंच्या कपाटं नोंदीविना पडून असतात. तिथे आपली खरी गरज आहे. मी जातो तिथे कसं करतो ते सांगतो.

पहिल्या दिवशी वस्तूला हात लावू नका, आधी जुनं रजिस्टर मागा. जुना नंबर कधीच खोडायचा नाही, वस्तू हरवली असली तरी तो दुसरीला द्यायचा नाही. नवीन नंबर २०२५.३.७ असा, म्हणजे वर्ष, त्या वर्षी आलेला तिसरा लॉट, त्यातली सातवी वस्तू. स्टिकर, सेलोटेप अजिबात नको, सुती नाडीला टॅग बांधायचा, वस्तू कागदाची असेल तर मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने नंबर लिहायचा. आणि हौसेने चिंच किंवा पितांबरी लावून पितळ चकचकीत करू नका प्लीज, वर्षानुवर्षांत चढलेली जुनी छटा आणि खुणा कायमच्या जातात.

आता वर्णन. इथे आपल्या वयाचा खरा उपयोग आहे, कारण कॉम्प्युटरवर बसलेली मुलं "पितळी भांडं, गोल" लिहून मोकळी होतात आणि आपल्याला बघताक्षणी कळतं की हे घंगाळ आहे, तो गडू, ही वज्री. धान्याचं माप असेल तर नुसतं माप लिहू नका, अधोली, शेर, चिपटं की निठवं ते लिहा, आणि दोघांत नावावरून वाद झाला तर दोन्ही नावं लिहा, कोणत्या भागात काय म्हणतात त्यासकट. भांड्यावर ठोके मारून घातलेलं नाव असतं ना, ते जसंच्या तसं उतरवा, शुद्धलेखन सुधारायला जाऊ नका. आहेर कुणी कुणाला दिला, कधी, हे बऱ्याचदा तिथेच मिळतं. शके १८२० असेल तर ७८ मिळवा, इसवी सन १८९८ येतं, माघ-फाल्गुनातली तिथी असेल तर ७९. मोडी असेल तर अंदाज नको, फोटो काढून मोडी वाचणाऱ्याला दाखवा.

पोचा, चीर, तुटलेला कान हे सगळं नक्की लिहा, चोरी झाली तर वस्तू ओळखायला हेच कामी येतं. फोटोत शेजारी मोजपट्टी आणि नंबरची चिठ्ठी हवीच.

सॉफ्टवेअरचं टेन्शन घेऊ नका. मोठ्या म्युझियम्ससाठी आपल्या पुण्याच्याच सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने 'जतन' नावाचं सॉफ्टवेअर बनवलंय, पण छोट्या जागी एक्सेल पुरतं, फक्त कॉलम सगळ्यांचे सारखे ठेवा. जोडीने बसा, एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं आणि नंबर मोठ्याने वाचून दाखवायचा. दोन तासांत दहा वस्तू झाल्या तरी भरपूर. उठण्याआधी कोणतं कपाट, कितवा कप्पा हे भरा आणि वस्तू मोजून परत ठेवा.