टायर ते सिलिंडर: वायूंच्या दाबांची तुलना करताना या चुका टाळा

'कोणाचा दाब जास्त?' या प्रकारची गणितं तपासताना लक्षात येतं की सूत्र जवळपास सगळ्यांना पाठ असतं: दाब × आकारमान = मोल (वायूच्या कणांची संख्या मोजायचं एकक) × आर (वायू स्थिरांक) × तापमान. घोळ होतो तो आकडे टाकताना.

समजा सकाळी २७ अंश सेल्सिअसला कारच्या टायरमध्ये ३२ पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरली. हायवेवर धावून आतली हवा ५७ अंशांवर गेली. टायर फुगत नाही असं धरू. काहीजण ५७ भागिले २७ करून थेट ६७.६ पीएसआयवर पोहोचतात! तापमान केल्विनमध्येच (सेल्सिअस अधिक २७३) हवं: ३०० आणि ३३०, म्हणजे गुणोत्तर फक्त १.१.

इथपर्यंत बरोबर आलेली मुलं मग ३२ × १.१ = ३५.२ लिहून मोकळी होतात. पण हवा भरताना गेजवर दिसतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. समीकरणाला पूर्ण दाब लागतो. म्हणून आधी बाहेरच्या हवेचा दाब, म्हणजे १४.७ पीएसआय, मिळवा, ४६.७ आले. गुणिले १.१ म्हणजे ५१.४. त्यातून पुन्हा १४.७ वजा केले की गेजवर ३६.७ दिसेल. पटत नसेल तर पंक्चर झालेला टायर आठवा. गेज शून्य दाखवतो, म्हणून आत निर्वात पोकळी असते का?

ग्रॅमवरून दाब ठरवू नका. सारख्याच डब्यांत, सारख्याच तापमानाला ४ ग्रॅम हायड्रोजन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन असेल, तर हायड्रोजनचा दाब दुप्पट, कारण तो २ मोल आहे आणि ऑक्सिजन १.

दोन भांडी जोडून मधली तोटी उघडली की सरसकट सरासरी काढण्याचा मोह होतो. २ लिटरमध्ये ३ अॅटमॉस्फिअर, १ लिटरमध्ये ६, तापमान तेच. उत्तर ४.५ नाही. दाब × आकारमान दोन्हीकडे ६, बेरीज १२, एकूण जागा ३ लिटर, म्हणून ४.

आता माझा आवडता सापळा, घरचा गॅस सिलिंडर. १४.२ किलो गॅस, आतली जागा ३३.३ लिटर. सगळा ब्युटेन धरला तर सुमारे २४५ मोल होतात आणि २७ अंशांना समीकरण सांगतं जवळपास १८० अॅटमॉस्फिअर. स्वयंपाकघरातला सिलिंडर एवढ्या दाबासाठी बनवलेलाच नसतो. आत बहुतेक माल द्रवरूपात असतो, आणि समीकरणातले मोल फक्त वायूचे. द्रव शिल्लक आहे तोवर दाब ठरतो तो तापमानावर आणि ब्युटेन-प्रोपेनच्या प्रमाणावर. त्यामुळे 'अर्धा संपला, म्हणजे दाब अर्धा' हेही चूक. सिलिंडर किती उरला हे बघायला म्हणूनच वजनकाटा लागतो, दाबाचा गेज नाही.