प्रवाळासाठी पैसे मागायला निघालात? आधी बोयाचे नाव घ्या

वास्कोत राहतो, बँकेतून निवृत्त झालो आणि प्रवाळ जपणाऱ्या आमच्या मंडळाची वही लिहितो. पोहता येत नाही. तरी इथल्या समुद्रातल्या ग्रँड आयलंड बेटाच्या प्रवाळासाठी येणारा प्रत्येक रुपया माझ्या हाताखालून जातो.

पहिल्या अर्जात आम्ही 'सागरी जनजागृती' म्हणून एकरकमी पैसे मागितले. कंपनीच्या साहेबांनी कागद उलटून पाहिला आणि विचारले, "म्हणजे विकत काय घेणार?" आम्ही गप्प! पुढच्या अर्जात वस्तू लिहिल्या: बोया (बोट बांधायचा तरंगता गोळा), दोर, होडीचे डिझेल, मोजपट्ट्या, चहा-उंडे. शिवाय कारण. पर्यटकांच्या बोटी नांगर टाकतात तो प्रवाळावर बसतो, वारा फिरला की साखळी खरवडत जाते. बोट बोयाला बांधली तर नांगर टाकायचीच गरज नाही. बोया टाकण्याआधी कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे आणि वन खात्याकडे जा. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हौसेने तुकडाही उचलायचा नाही.

मच्छीमारांना जाळी मोजायला शिकवायच्या वर्गांचा खर्च जून-जुलैत दाखवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, वास्कोच्या खारीवाड्यावर माणसे जाळी सांधत बसलेली सापडतात. गेल्या पावसात एका पोराच्या हाती पट्टी दिली. सुंगटांच्या (कोळंबीच्या) जाळ्याचा आस, म्हणजे भोक, किमान २० मिलिमीटर हवा, मासळीच्या जाळ्याचा २४. त्याने आजोबांचेच जाळे मोजले, १७ भरले. आजोबा म्हणाले, "पट्टी ओली आहे." सगळे हसले, पण आस मोजायला सगळेच शिकले. असल्या वर्गाला तज्ज्ञाचे मानधन लागत नाही, ते अर्जात घुसडू नका.

कागदांचे थोडक्यात: संस्थेची नोंदणी, आयकरातली १२ए (संस्थेला करमाफी) व ८०जी (देणाऱ्याला करसवलत), आणि कंपन्यांच्या समाजकार्याच्या पैशासाठी सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५ कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात आणि त्यात आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचे असते. म्हणून मुंबईला धावण्याआधी मुरगाव बंदराच्या आसपास फिरा. जानेवारीतच जा, मार्चमध्ये साहेब भेटत नाहीत. रोख देणगी २,००० च्या वर गेली तर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, हे पावती फाडण्याआधी सांगा.

गोव्यात खरी मेख पासपोर्टची. जहाजावरचा तारवटी भारतीय पासपोर्टवर असेल तर आपल्या बचतीतून खुशाल देऊ शकतो. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला गाववाला कायद्याने परदेशी. ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचे) असले तरी, रुपयांत दिले तरी. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ते पैसे घेता येत नाहीत, आणि नोंदणी असली तरी ते आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. असा पासपोर्ट घेऊन इंग्लंडात गेलेल्या माझ्या एका शेजाऱ्याने प्रेमाने पाठवलेली रक्कम मी परत केली. चतुर्थीला आला होता. माटोळी बघितली, नेवरी खाल्ली, माझ्याशी मात्र हवामानावरच बोलला.