देवाचा आवाज रोजच्या दिवसात कसा ऐकायचा

देव बोलतो म्हणजे नेमकं काय होतं, कानात आवाज येतो का, असं लोक विचारतात. माझ्या कानात तरी कधी आला नाही. मी वसईचा, घरी रोज संध्याकाळी रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, म्हणजे देवाशी बोलायची सवय लहानपणापासून होती पण ऐकायची नव्हती, ती मी चाळिशीत लावून घेतली. आणि एक आधीच सांगतो, देव काय म्हणत होता ते बहुतेक वेळा त्या क्षणी कळतच नाही, रात्री दिवस परत डोळ्यासमोर आणला की कळतं. म्हणून सुरुवात रात्रीपासून करा.

जेवणं झाली, भांडी आवरली की मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दहा मिनिटं बसा. ही पद्धत सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत इग्नेशियस लोयोला यांची. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला, कित्येक महिने अंथरुणात पडून होते, तेव्हा कधी शौर्य गाजवायची स्वप्नं बघायचे, कधी संतांची चरित्रं वाचून त्यांच्यासारखं जगायचा विचार करायचे. दोन्ही विचार करताना छानच वाटायचं, पण पहिले ओसरले की मन कोरडं पडायचं आणि दुसऱ्यांचा आनंद मागे टिकून राहायचा. हा फरक त्यांनी पकडला, आणि मला वाटतं ऐकण्याचं सगळं शिक्षण या एका निरीक्षणात आहे.

तर बसल्यावर आधी आभार माना, पण ठरावीक वाक्यांत नको, आजची खरी गोष्ट धरा, म्हणजे विरार लोकलच्या गर्दीत कुणीतरी न सांगता तुमची बॅग वर ठेवली, ती. मग देवाला म्हणा, आजचा दिवस तुझ्या नजरेने दाखव. मग सकाळपासून तासातासाने दिवस बघत या, कुठे मन मोकळं झालं, कुठे आवळलं गेलं, कुणाशी बोलताना छातीत जड झालं, तिथे जरा थांबा. चुकलं असेल तिथे माफी मागा, आणि उद्यासाठी एकच गोष्ट ठरवा, जास्त नको.

यानंतर एका वहीत दोन ओळी लिहा. हे टाळू नका, कारण माझं सगळं वहीमुळेच उमगलं. आमच्या मामाशी जमिनीवरून बोलणं बंद होतं, सहा वर्षं. एकदा वही चाळली तर एकाच आठवड्यात तीन ठिकाणी मामा, एकदा बाजारात त्याच्यासारखा माणूस दिसला म्हणून, एकदा मिस्सामध्ये शांतीची भेट देताना, म्हणजे शेजारच्याला शांती असो म्हणताना, एकदा नुसताच आठवला म्हणून. प्रत्येक वेळी मी विषय झटकला होता, पण लिहिलेलं समोर होतं, ते कसं झटकणार. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला. पलीकडे बराच वेळ काही नाही, मग मामा म्हणाला, 'चहा घेतलास का रे?' जमिनीचं अजून काही ठरलेलं नाही, पण बोलणं सुरू आहे.

आता मनात येणारा प्रत्येक विचार देवाचा नसतो, त्यामुळे पारख हवीच. इग्नेशियस म्हणतात की जो मनापासून चांगल्या वाटेवर चाललाय त्याला चांगली प्रेरणा स्पंजमध्ये पाण्याचा थेंब मुरावा तशी येते आणि वाईट प्रेरणा दगडावर पाणी आदळावं तशी, खळखळाट करत. आत्ताच्या आत्ता कर नाहीतर संपलं, असं घाबरवणारं काही असेल तर मी थांबतो, दोन दिवस जाऊ देतो. देवाची गोष्ट कठीण असू शकते, मामाला फोन करणं कठीणच होतं, पण आतून ती स्थिर असते.

आणि एकट्याने ठरवू नका. बायबलमध्ये शमुवेल लहान असताना देवाने हाक मारली तर त्याला वाटलं देवळातला म्हातारा पुरोहित एलीच बोलावतोय, तो तीनदा उठून एलीकडे धावत गेला, शेवटी एलीनेच ओळखलं आणि काय उत्तर द्यायचं ते सांगितलं. आपल्यालाही असा एली लागतो, फादर असतील, सिस्टर असतील, नाहीतर घरातली जुनी जाणती आजी. पण कुणाला खरोखर कानात आवाज येत असतील, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर असं सांगत असतील, तर त्याला डॉक्टरांकडेच न्या, त्यात श्रद्धा कमी पडली असं काही नसतं.

दिवसभरात फक्त एवढंच करा, उत्तर द्यायच्या आधी एक श्वास थांबा, रागाचा मेसेज टाइप झाला असेल तर पाठवायच्या आधी थांबा. बायबलमध्येच होरेब डोंगरावर एलीया नावाच्या संदेष्ट्यापुढून सोसाट्याचा वारा गेला, भूकंप झाला, अग्नी आला, देव त्यात नव्हता, त्यानंतर आलेल्या मंद वाणीत होता, आणि मंद वाणी गडबडीत राहूनच जाते.

काही आठवडे मात्र काहीच जाणवणार नाही, बसायचा कंटाळा येईल, सगळं सोडून द्यावंसं वाटेल. असं मन उदास असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलायचा नाही, हा इग्नेशियसचा पक्का नियम. उलट ठरवलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसा असं ते सांगतात. म्हणून त्या रात्री मी घड्याळ बघून अकरा मिनिटं बसतो, वहीत तारीख टाकतो, खाली 'आज काही नाही' असं लिहितो आणि झोपतो.