जाहिरात यायच्या आधीच दाखले काढून ठेवा
नाशिककरांनो, भरतीची जाहिरात आली की मग दाखल्यांसाठी सेतू केंद्रात धावायचं हे बंद करा राव, तेव्हा अख्खा जिल्हा तिथंच असतो. ओबीसीवाल्यांनी आत्ताच आपल्या नॉन क्रिमी लेयर दाखल्याची (म्हणजे घर सधन गटात मोडत नाही याचा दाखला) मुदत बघा, ती ३१ मार्चला संपते, कोणत्या वर्षीच्या ते दाखल्यावरच लिहिलेलं असतं, आणि नवीन काढायचं तर मागच्या ३ वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं म्हणजे आधी तलाठ्याकडे चक्कर आलीच (भाऊसाहेब जागेवर सापडले तर नशीब). अर्ज आपले सरकार पोर्टलवरून घरूनही होतो. रेल्वे, बँक असं सेंट्रलचं भरणार असाल तर ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच हवा, राज्याचा चालत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी गॅझेटची प्रिंट जवळ ठेवा.