पिशवीतली सुरी, पर्समधली मिरची पूड: इंग्लंडमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये उतरल्यावर बँक खातं कसं उघडायचं, घर कुठं बघायचं, थंडीचे कपडे कुठं स्वस्त मिळतात हे सांगायला दहा जण पुढं येतात. सुरीबद्दल कुणी बोलत नाही. मी इथं १९ वर्षं आहे. दर सप्टेंबरला नवी मुलं-मुली आली की त्यांना जेवायला बोलावतो आणि हा विषय मुद्दाम काढतो.

त्यामागे एक प्रसंग आहे. आमचा एक मित्र उन्हाळ्यात सगळ्यांसोबत सहलीला आला होता. कलिंगड कापायला त्यानं घरातली मोठी सुरी आणली. दिवस छान गेला, सामान आवरलं आणि सुरी गाडीच्या दाराच्या कप्प्यात राहून गेली. तीन आठवड्यांनी, रात्री साडेदहाला, मागचा दिवा बंद आहे म्हणून पोलिसांनी त्याची गाडी थांबवली. टॉर्चच्या उजेडात सुरीची मूठ दिसली. ही इथं कशाला, असं विचारल्यावर त्यानं खरं तेच सांगितलं: सहलीला नेली होती, काढायची विसरलो. तरीही त्याला अटक झाली. बोटांचे ठसे, फोटो, डीएनए, रात्रभर कोठडी. शेवटी खटला भरला गेला नाही, पण ते कळायला पाच महिने लागले आणि त्याच काळात त्याच्या व्हिसाची मुदत संपत होती. "त्यांनी केलं तरी काय?" असं वहिनी मला फोनवर पुन्हा पुन्हा विचारायच्या. त्यांना द्यायला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आज आहे, म्हणून लिहितो आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टचं कलम १३९ आहे. सार्वजनिक ठिकाणी पातं असलेली किंवा अणकुचीदार वस्तू जवळ असणं हाच गुन्हा. कुणाला दाखवली नाही, धमकावलं नाही, मनात काही वाईट नव्हतं, यानं गुन्हा टळत नाही. ती वस्तू त्या वेळी, त्या जागी जवळ असण्याला योग्य कारण होतं हे आपल्याला पटवून द्यावं लागतं, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर असते. जास्तीत जास्त शिक्षा चार वर्षं. सार्वजनिक ठिकाण म्हणजे रस्ता, बस, रेल्वे, बाग, दुकान. रस्त्यावरच्या आपल्याच गाडीची डिकीसुद्धा त्यातून सुटत नाही.

आपल्याला हे पटायला जड जातं, कारण आपण वेगळं पाहून आलेलो असतो. कोकणात कमरेच्या आकडीला कोयता अडकवून बागेत निघालेल्या माणसाकडे कुणी वळून पाहत नाही. भारतातल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे येतात, आणि घरकामाची व शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. इथं स्वयंपाकघरातली सुरी म्हणून सूट नाही. लोणी लावायची बोथट सुरीसुद्धा पातं असलेली वस्तूच, असा २००५ चा हायकोर्टाचा निकाल आहे.

सूट एकाच वस्तूला आहे: घडी होणारा खिशातला चाकू, ज्याच्या पात्याची धार तीन इंच, म्हणजे ७.६२ सेंटिमीटर, किंवा त्याहून कमी आहे. पण उघडल्यावर पातं जागेवर अडकत असेल, मिटायला बटण किंवा खटका दाबावा लागत असेल, तर कोर्टांच्या मते तो घडीचा चाकू नाहीच. मग पातं दोन इंचांचं असलं तरी कारण द्यावं लागतं. पक्कड, पेचकस, चाकू असं सगळं एकत्र असलेल्या अनेक मल्टिटूलमध्ये असं अडकणारं पातं असतं. दिवाळीत कुणी भेट दिलं असेल तर एकदा उघडून बघा. आणि सूट असलेला छोटा चाकूसुद्धा कुणाला इजा करण्यासाठी जवळ ठेवला तर सूट संपते.

योग्य कारण म्हणजे काय? कामासाठी नेणं, धार्मिक कारण, राष्ट्रीय पोशाखाचा भाग, ही कायद्यातच लिहिलेली आहेत. शिखांचं कृपाण आणि स्कॉटिश पोशाखात मोज्यात खोचलेला छोटा सुरा त्यामुळे चालतो. हॉटेलच्या किचनमध्ये काम करणारा आपल्या सुऱ्या गुंडाळून कामावर नेऊ शकतो. दुकानातून नवी सुरी घेऊन थेट घरी जाणं, सुऱ्यांच्या खोक्यासह घर बदलणं, विमानात चेक-इन सामानातून आणलेली विळी विमानतळावरून घरी नेणं, या सगळ्याला कारण आहे. सुरी पॅकिंगमध्येच, पिशवीच्या तळाशी ठेवा आणि पावती जपा. खरेदीच्या वेळी वय १८ पूर्ण असल्याचा पुरावा मागतात, तेव्हा पासपोर्ट किंवा लायसन्स सोबत असू द्या.

पण कारण संपलं की सूटही संपते. विद्यार्थ्यांना मी हे सर्वांत जास्त बजावतो. तुमच्यापैकी बरेच जण वेअरहाऊसमध्ये खोकी फोडायचं काम करणार आहात. हातात कटर असतं, शिफ्ट संपते, कटर जॅकेटच्या खिशात जातं. शुक्रवारी रात्री तेच जॅकेट घालून तुम्ही मित्रांबरोबर गावात फिरायला जाता. शिफ्टमध्ये ते अवजार होतं, शनिवारी पहाटे एक वाजता बसस्टॉपवर ते पात्याचं हत्यार आहे. "विसरलो" हे एवढंच उत्तर कोर्टं पुरेसं मानत नाहीत. त्याच्या जोडीला आणखी परिस्थिती असेल तरच ते विचारात घेतात. तेव्हा कटर कामाच्या लॉकरमध्येच ठेवा. रोज. मालकानं घरी न्यायला दिलं तरी.

आता मुलींशी, आणि मुलींना पाठवणाऱ्या आयांशी. निघताना पर्समध्ये पेपर स्प्रे घालून देण्याची आपल्याकडे रीत पडली आहे, आणि त्यामागची काळजी मला कळते. मलाही मुलगी आहे. पण इथं पेपर स्प्रे १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम ५ खाली येतो, म्हणजे बंदुकीच्या कायद्यात. विजेचा झटका देणारं उपकरणही तसंच. नुसतं जवळ असणं गुन्हा आहे, घरातसुद्धा, आणि स्वसंरक्षणासाठी होता हे सांगून सुटका होत नाही. विमानात बसण्याआधी तो पर्समधून काढा.

मग मिरची पूड तरी? १९५३ च्या प्रिव्हेन्शन ऑफ क्राइम ॲक्टनुसार हत्यारं तीन प्रकारची. इजा करण्यासाठीच बनवलेली. त्यासाठी मुद्दाम बदलून घेतलेली, जसं फोडून धारदार केलेली बाटली. आणि एरवी निरुपद्रवी, पण इजा करण्याच्या इराद्यानं जवळ ठेवलेली. वाणसामानाच्या पिशवीतली पावशेर मिरची पूड हे वाणसामान आहे. तीच मिरची छोट्या डबीत भरून "कुणी अंगावर आला तर डोळ्यात टाकायला" ठेवली की ती तिसऱ्या प्रकारात जाते. एखादीला पोलिसांनी विचारलं आणि तिनं भाबडेपणानं हेच सांगितलं, तर तिनं इरादा कबूल केलेला असतो. "उगाच भीती वाटते म्हणून" हे कारण इथं चालत नाही. याचा अर्थ कायदा तुम्हाला मार खायला सांगतो असा नाही. कुणी खरंच हल्ला केला तर त्या क्षणी हातात असेल त्या छत्रीनं, किल्ल्यांनी किंवा बॅगेनं स्वतःला वाचवण्याइतकं बळ वापरायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे. आधीपासून हत्यार म्हणून काही घेऊन फिरता येत नाही, इतकंच. कानठळ्या बसवणारा छोटा अलार्म मिळतो, तो कायदेशीर आहे. माझ्या मुलीच्या बॅगेला तोच लावलेला आहे.

आपल्या घरातल्या दोन गोष्टींकडे मात्र खास लक्ष हवं. हळद लागल्यावर नवरदेवाच्या हातात कट्यार, सुरी किंवा अडकित्ता देतात. लग्न इथं करत असाल तर ती वस्तू गुंडाळून थेट कार्यालयात न्या, आत गेल्यावरच हातात द्या, विधी झाला की एखाद्या जाणत्या नातेवाइकाकडे सोपवा आणि तशीच गुंडाळून परत आणा. ती हातात घेऊन नवरदेवानं बाहेर रस्त्यावर फोटो काढू नयेत. धार्मिक कारण कायदा मानतो, पण ते रस्त्यावर उभ्या असलेल्या, हळद म्हणजे काय हे न कळणाऱ्या शिपायाला समजावण्याची वेळ लग्नाच्या दिवशी का आणायची?

दुसरी गोष्ट तलवारीची. शिवजयंतीला, दसऱ्याच्या शस्त्रपूजेला किंवा सत्कारात मिळालेली तलवार गावाकडून मागवावी असं अनेकांना वाटतं. ५० सेंटिमीटर किंवा जास्त लांबीच्या वक्र पात्याची तलवार २००८ पासून बंदीच्या यादीत आहे. विकणं, देणं, आयात करणं तर गुन्हा आहेच, पण १४ जुलै २०२१ पासून अशी वस्तू स्वतःच्या घरात ठेवणंही गुन्हा झालं. १९५४ पूर्वीची, पारंपरिक पद्धतीनं हातानं घडवलेली किंवा धार्मिक विधीसाठीची तलवार यांना सवलती आहेत. पण आपली तलवार त्यात बसते हे आपणच दाखवायचं, आणि बाजारातल्या शोभेच्या तलवारीला ते जमणं कठीण. पूजेला पुस्तकं, लॅपटॉप, कामाची अवजारं ठेवा; आम्ही तेच करतो. त्याच यादीत नकल डस्टर (बोटांत अडकवायची धातूची मूठ), बटरफ्लाय चाकू (दुहेरी मुठीचा घडीचा चाकू), काठीत लपवलेली गुप्ती आहे. २४ सप्टेंबर २०२४ पासून विशिष्ट प्रकारचे लांब दातेरी सुरे व मॅशेटी (कोयत्यासारखे मोठे सुरे) आणि १ ऑगस्ट २०२५ पासून निन्जा तलवारी आल्या. ऑनलाइन दिसतं म्हणून मागवू नका.

पोलिसांनी अडवलं तर हात खिशातून बाहेर, आवाज शांत. काही जवळ असेल तर हात घालण्याआधी तोंडानं सांगा. साधारणपणे झडतीसाठी त्यांच्याकडे संशयाचं ठोस कारण लागतं, पण १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्टचं कलम ६० एखाद्या भागात लागू असेल तर लागत नाही. ते कशासाठी शोधत आहेत आणि कोणत्या पोलीस ठाण्याचे आहेत, हे त्यांनी सांगायला हवं. रस्त्यावर साधारणपणे कोट, जॅकेट आणि हातमोजे याखेरीज काही काढायला सांगता येत नाही. झडतीच्या नोंदीची प्रत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.

अटक झालीच तर ठाण्यात वकील मोफत मिळतो, तुमचा पगार किंवा व्हिसा कोणताही असो. मराठी दुभाषाही मोफत मागता येतो. आपली माणसं इथं चुकतात. "मी तर निर्दोष, वकील कशाला" म्हणून एकटेच चौकशीला बसतात. तसं करू नका. आणि लवकर सुटायला मिळेल म्हणून कॉशन स्वीकारू नका. कॉशन म्हणजे नुसती ताकीद नव्हे, गुन्हा कबूल केल्याची नोंद आहे. व्हिसाच्या आणि कायम वास्तव्याच्या अर्जात ती सांगावी लागते, नर्सिंग किंवा शाळेतल्या नोकरीच्या तपासणीत दिसू शकते. १२ महिने किंवा जास्त तुरुंगवास झाला तर परदेशी नागरिकावर हद्दपारीची कारवाई होते.

मुलांबद्दल लिहिताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते. इथं दहाव्या वर्षापासून गुन्ह्याची जबाबदारी लागू होते. शाळेच्या आवारात सुरी नेणं हा वेगळा गुन्हा आहे. सोळा किंवा जास्त वयाचा मुलगा दुसऱ्यांदा दोषी ठरला तर, अपवाद सोडता, किमान कोठडीची तरतूद आहे. बरीच मुलं सुरी घेतात ती मारायला नव्हे, भीतीनं. २००८ मध्ये लंडनमधल्या इस्लिंग्टनला बेन किन्सेला नावाचा १६ वर्षांचा मुलगा भोसकून मारला गेला. त्याच्या घरच्यांनी काढलेला ट्रस्ट आज शाळकरी मुलांसाठी कार्यशाळा घेतो. मुलाला तिथं नेता आलं तर न्या. मुलगा शाळेतून घरी यायची वाट अचानक बदलू लागला, स्वयंपाकघरातली सुरी नाहीशी झाली, तर ओरडण्याआधी त्याला विचारा की तो कुणाला घाबरतो आहे. नाव न सांगता माहिती द्यायची असेल तर क्राइमस्टॉपर्सचा क्रमांक ०८०० ५५५ १११.

स्कॉटलंडला जाणाऱ्यांसाठी: तिथला कायदा वेगळा आहे, नियम बरेचसे असेच, पण जास्तीत जास्त शिक्षा पाच वर्षं.

हे वाचून घरात एखादी नको असलेली वस्तू आहे असं लक्षात आलं, तर ती पिशवीत घालून थेट ठाण्याकडे चालत निघू नका. आधी १०१ ला, म्हणजे पोलिसांच्या तातडी नसलेल्या कामांच्या क्रमांकावर, फोन करा, काय आहे ते सांगा आणि ती कशी आणायची किंवा कोण न्यायला येईल हे त्यांनाच विचारा.