गोव्याच्या दमट हवेत बाहुलीचा चेहरा रंगवताना

संग्रहासाठी घेतलेल्या बाहुलीचा कारखान्यात छापलेला चेहरा पुसून तो हाताने नव्याने रंगवणे आणि गरजेप्रमाणे नाक, कान, गालफडे पुट्टीने घडवणे ही कला शिकू इच्छिणारे बहुतेक जण पहिला प्रश्न रंगांचा विचारतात. माझे उत्तर हवेपासून सुरू होते, कारण गोव्यात या कामाचे यश रंगाच्या कंपनीपेक्षा त्या दिवशीच्या आर्द्रतेवर अधिक अवलंबून असते.

याचे कारण समजून घ्यावे. अशा बाहुलीचे डोके बहुधा व्हिनाइल या मऊ प्लास्टिकचे आणि गुळगुळीत असते. त्यावर सॉफ्ट पेस्टलची भुकटी किंवा जलरंगाची पेन्सिल टिकत नाही. म्हणून आधी मॅट सीलंटचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या बिनचमकीच्या पारदर्शक लेपाचा, फवारा देऊन पृष्ठभाग किंचित खरखरीत करतात, त्यावर रंगाचा हलका थर देतात, पुन्हा सीलंट मारतात आणि असे थरांवर थर चढवत गालांची लाली, पापण्यांची सावली, ओठांच्या बारीक रेषा उभ्या करतात. प्रत्येक थर बंद झालेला असल्यामुळे वरची रेघ चुकली तर ती ओल्या कापसाने पुसता येते आणि खालचे काम शाबूत राहते. मात्र सीलंटमधील द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेत बाष्प जास्त असेल तर ते तिथेच साचून चेहऱ्यावर पांढुरकी झाक येते. सर्वसाधारणपणे आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर असताना फवारणी करू नये असे मानतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती सहज ऐंशीच्या वर असते. त्यामुळे रंगांची पेटी घेण्याआधी एक साधा आर्द्रतामापक घ्यावा, हा माझा आग्रह आहे.

यातून वर्षाची विभागणी आपोआप होते. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दुपारी फवारणीसाठी राखाव्यात. जून ते सप्टेंबर हे महिने शिल्पकाम, केस नव्याने रोवणे, कपडे आणि रेखाटनाच्या सरावाला द्यावेत. शिल्पकामासाठी दोन भाग सारख्या प्रमाणात मळून वापरायची एपॉक्सी पुट्टी पावसाळ्यात फार उपयोगी पडते, कारण ती वाळून नव्हे तर रासायनिक क्रियेने घट्ट होते. शिल्पकामाची चांगली पुट्टी साधारण २४ तासांत पूर्ण कठीण होते आणि ओल्या बोटाने तिचा सांधा नितळ करता येतो. हवेवर वाळणाऱ्या मातीचे तसे नाही. श्रावणात माशेल किंवा डिचोलीकडच्या चित्रशाळांत, म्हणजे गणेशमूर्तींच्या कार्यशाळांत, मूर्ती सुकवायला पंखे आणि दिवे लावावे लागतात, तेच दुखणे इथेही असते. पॉलिमर क्ले या भाजून घट्ट होणाऱ्या मातीला सुमारे ११० ते १३० अंश सेल्सिअसची भट्टी लागते आणि त्या तापमानाला व्हिनाइलचे डोके बिघडू शकते. म्हणून ती माती स्वतंत्र बाहुली मुळापासून घडवताना वापरावी, तयार डोक्यावर नको.

जुना रंग काढायला अ‍ॅसिटोन हे द्रावक चालते, पण ते फक्त व्हिनाइलच्या डोक्यावर, कापसाला थोडेसे लावून. कडक प्लास्टिकचे हातपाय त्याने विरघळतात, आणि सांध्यांच्या रेझिन बाहुल्यांवर तर ते वापरूच नये.

आरोग्याच्या बाबतीत मी कोणतीही सूट देत नाही. कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क फवाऱ्याच्या वाफा अडवत नाही; सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो आणि काम मोकळ्या हवेतच करावे लागते. आर्द्रता टाळण्यासाठी वातानुकूलित खोली बंद करून फवारणी करणे धोक्याचे आहे. कच्ची पुट्टी मळताना हातमोजे घालावेत आणि घासकाम पाण्याखाली, ओल्या पॉलिश पेपरने करावे, म्हणजे धूळ फुप्फुसांत जात नाही. सीलंटचे डबे ज्वलनशील असल्यामुळे विमानाने पाठवता येत नाहीत, त्यामुळे परदेशातून ते मागवणे अवघड असते. ज्यांना ते मिळत नाहीत त्यांनी पाण्यात मिसळणारे मॅट अ‍ॅक्रिलिक व्हार्निश एअरब्रशने मारावे. त्याचा खरखरीतपणा थोडा कमी असतो, पण नवशिक्याला पुरेसा असतो.

आता डोळे. १९५९ साली आलेली बार्बी साडेअकरा इंचांची आहे, म्हणजे माणसाच्या साधारण एक षष्ठांश. तिचे बुबुळ काही मिलिमीटरच भरते आणि तेवढ्यात नजर बसवायची असते. वरची पापणी बुबुळाचा थोडा भाग झाकते. पूर्ण गोल बुबुळ दिसले की चेहरा दचकलेला वाटतो. दोन्ही डोळ्यांतील प्रकाशाचा ठिपका एकाच बाजूला असावा. दोन्ही डोळे जुळले की नाही हे पाहायला बाहुली उलटी धरावी, नंतर आरशात पाहावी. सरळ पाहताना निसटलेला तिरकेपणा तिथे लगेच जाणवतो. आपल्याकडचा चित्रशाळेतला अनुभवी कारागीर गणपतीच्या डोळ्यांची आखणी कशी करतो, हे शेजारी बसून पाहण्यासारखे आहे: मनगट टेकलेले, कुंचला जवळजवळ कोरडा आणि रेघ एका दमात. हे शिक्षण कोणत्याही व्हिडिओपेक्षा मोलाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. चेहऱ्याची रचना पद्धतशीर शिकायची असेल तर पणजीत आल्तिनोवर १९७२ साली सुरू झालेले गोवा कला महाविद्यालय आहे; तिथे प्रवेश घेणे शक्य नसेल तर रोज घरातल्या माणसांची डोकी रेखाटावीत.

सरावासाठी महागड्या बाहुल्या घेऊ नयेत. नातेवाइकांकडे पडून असलेल्या, केस विस्कटलेल्या बाहुल्या उत्तम. त्यांचा रंग काढून पुनःपुन्हा काम करता येते.

पैसे घेऊन काम करू लागल्यावर दर ठरवताना थर सुकण्याचा वेळही धरावा. मूळ बाहुली कोणत्या कंपनीची आहे, काय बदलले आहे आणि ती मुलांच्या खेळण्यासाठी नाही, हे ग्राहकाला लेखी कळवावे. पार्सल करताना फुग्यांचे प्लास्टिक चेहऱ्यावर थेट गुंडाळू नये, कारण उकाड्यात ते रंगाला चिकटते किंवा त्याचे वळ उमटतात. आधी मऊ टिश्यू, त्यावर सैल सुती कापड आणि पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी.